रविवारच्या फुकट वेबसाइटी

फुकट वेबसाइट करून देणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. घरातल्या खणात जुने चार्जर साठतात तसे ते आपोआप साठतात. एकही टाकवत नाही आणि एकही कशाला बसत नाही. परवा शेजारच्या एका गृहस्थांनी मला विचारलं की वेबसाइट शिकायची तर सुरुवात कुठून करावी. मी एचटीएमएलचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि सांगत बसले सुभेदारांच्या जेवणावळीचं. तास गेला. त्यांच्या वहीत एक ओळ उतरली नव्हती.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी कराडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आठवडाभर लोकांचं रक्त काढते. रिपोर्ट मोबाइलवर दिसावेत म्हणून आमच्या डॉक्टरांनी एकाला काम दिलं आणि त्याने पुढे सहा महिने फोनच उचलला नाही. तेव्हा म्हटलं, आपणच बघू. व्हिडिओ बघत बघत शिकले आणि नाद लागला. दुसरे सुभेदार. साताऱ्याचे, फौजेतून रिटायर झालेले, साठीनंतर कोड लिहायला शिकलेले. तिसरा अजित, कोयनानगरला प्रकल्पाच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला. दर रविवारी सुभेदार एसटीने आणि अजित मोटरसायकलवर कराडला येतात. लॅबच्या रिकाम्या वेटिंग रूममध्ये आम्ही तीन लॅपटॉप उघडतो आणि एकमेकांच्या चुका काढतो.

तिघांचंही पोट नोकरी-पेन्शनवर चालतं, म्हणून वेबसाइटीचं आम्ही कुणाकडून काही घेत नाही. हीच आमची पहिली चूक. फुकट काम करणाऱ्याला लोक कारागीर समजत नाहीत, नातेवाईक समजतात.

* * *

सुभेदारांना कोड आवडला तो त्यातल्या रांगांमुळे. एका खाली एक, मोजून जागा सोडून, सगळ्या ओळी ताठ उभ्या. माझा कोड त्यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ओळी वाकड्यातिकड्या होत्या. मी सांगितलं की ओळी कशाही असल्या तरी ब्राउझरला फरक पडत नाही. त्यांनी पुन्हा खात्री करून घेतली.

"म्हंजे वाकडं हुबं राह्यलं तरी चालतंय व्हय?"

त्या दिवशी ब्राउझर त्यांच्या नजरेतून उतरला तो उतरलाच.

त्यांचं पहिलं खरं काम म्हणजे माजी सैनिकांच्या स्नेहमेळाव्याचं नोंदणीचं पान. त्यात दोन रकाने होते, घरातून मोठी माणसं किती येणार आणि लहान मुलं किती. पानाने दोन्हींची बेरीज करून जेवणाचा आकडा सांगायचा. आता जावास्क्रिप्ट या कोडच्या भाषेची खोड अशी, की रकान्यातून आलेला आकडा ती आकडा मानतच नाही, अक्षर मानते. दोन आणि तीनची बेरीज सांगितली की पाच करत नाही, दोनाला तीन चिकटवून तेवीस करते. सुभेदारांनी चाचणी घेतली होती, नाही असं नाही. पण त्यांच्या घरी लहान मूल नाही. दुसरा रकाना त्यांनी मोकळा सोडला आणि उत्तर बरोबर आलं.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला तेव्हा आवाज भरून आलेला. एकेका घरातून तीस तीस, चाळीस चाळीस माणसं येणार असल्याची नोंदणी होत होती. एक हवालदार बेचाळीस जण आणणार होता. "लोकांना फौजेची अजून किंमत हाय, ताई," म्हणाले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण माझ्यासमोर एक माणूस दंड पुढे करून बसला होता आणि सुईकडे बघून पांढरा पडत चालला होता. मी "वा वा" म्हणून फोन ठेवला.

सुभेदारांनी ठरलेला हॉल सोडून साताऱ्याबाहेरचं मोठं पटांगण घेतलं, मांडव घातला, आचाऱ्याला आकडा कळवला. मेळाव्याच्या दिवशी ते यादी घेऊन फाटकात उभे. बेचाळीसवाला हवालदार आला. बरोबर चार मोठी माणसं आणि दोन मुलं. सुभेदारांनी त्याला विचारलं की बाकीचे छत्तीस कुठं राहिले. तो म्हणाला, "कोण छत्तीस?" तरीही दोन वाजेपर्यंत ते फाटकातून हलले नाहीत. वरून आलेल्या आकड्यावर अविश्वास दाखवायची त्यांना सवय नाही.

उरलेलं जेवण टेंपोच्या दोन खेपा करून जवळच्या वसतिगृहात गेलं आणि सुभेदारांनी स्वतः उभं राहून वाढलं. पुढच्या रविवारी अक्षराचा आकडा करणारी, मी दाखवलेली एक ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने घातली, आणि आता कुठल्याही बेरजेआधी ते दोन्ही आकड्यांची ओळख परेड घेतात.

* * *

साताऱ्याजवळ हायवेला एक मंगल कार्यालय आहे. त्याच्या मालकांना सगळे बापूसाहेब म्हणतात. त्यांना बुकिंगचं कॅलेंडर हवं होतं. तारीख घेतली की चौकोन लाल झाला पाहिजे आणि वर-वधूचं नाव दिसलं पाहिजे. अजितने ते केलं, आणि लाल रंग कसा दिसतो ते बघायला हंगामातल्या ऐन मुहूर्तावर एक खोटी नोंद टाकली. वराचं नाव टेस्ट, वधूचं नाव टेस्ट दोन, फोन नंबर दहा वेळा नऊ. लाल रंग छान दिसला. अजित नोंद काढायला विसरला.

दोन महिन्यांनी बापूसाहेबांचा मला फोन. ही टेस्ट मंडळी कोण, म्हणाले, तीन दिवस फोन लावतोय, लागत नाही. ॲडव्हान्सचं विचारायचं होतं त्यांना. मी घाबरून विचारलं की त्या तारखेला दुसरं कुणी आलं होतं का. दोन पार्ट्या आल्या होत्या. दोघांनाही त्यांनी तारीख गेली म्हणून परत पाठवलं होतं. त्यातला एक त्यांचा सख्खा मेव्हणा. त्याने मुलीचं लग्न दुसऱ्या कार्यालयात ठरवलं आणि बापूसाहेबांच्या घरी पत्रिका पोस्टाने पाठवली.

मी विचारलं, नाव बघून शंका नाही आली?

"आली की. म्हटलं गोव्याकडचं आडनाव असंल. अन दोघांचं एकच, तवा आमच्या मंडळींना म्हटलं, नात्यातलंच लगीन दिसतंय."

अजित त्यांच्या मेव्हण्याकडे जाऊन सगळं समजावून आला. मेव्हण्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की त्याला कॉम्प्युटरचं काही म्हणायचं नाही, भावजीनं आपल्या माणसापेक्षा टेस्टला धरलं एवढंच त्याला लागलं. तेव्हापासून अजितने ठरवलंय की खोट्या नोंदीत कुणाला खरं वाटणार नाही असं नाव घालायचं. टेस्टपेक्षा खोटं नाव कुठून आणायचं, ते मात्र त्याला अजून सुचलेलं नाही.

* * *

एका गावच्या सरपंचांना पानाखाली भेट देणाऱ्यांचा आकडा हवा होता. मी घातला. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला की शून्यापासून नको, बरं दिसत नाही. कितीपासून पाहिजे म्हणून विचारलं तर त्यांनी गावच्या लोकसंख्येच्या तिप्पट आकडा सांगितला. तोही घातला. आठवड्याने पुन्हा फोन, की आकडा जागचा हलत नाहीये.

मी म्हटलं, कुणी बघायला आलं तर हलेल.

ते म्हणाले, "ते व्हय. पण कुणी न्हाई आलं तरी हलंल असं काय करता येईल का?"

* * *

सांगलीकडच्या एका वाचनालयाचं काम मी मोठ्या हौसेने घेतलं होतं. जुनं वाचनालय, पुस्तकं उत्तम. कार्यवाह मात्र कागदावर नसलेल्या गोष्टीवर विश्वास न ठेवणारे. वेबसाइट लोकांना दाखवण्याआधी तिच्या प्रत्येक पानाची छापील प्रत त्यांना हवी होती. मी अठरा पानं छापून सांगलीला नेली. कार्यकारिणीच्या सात जणांनी प्रत्येक पानावर सह्या केल्या, शिक्का मारला, फाइलला दोरी बांधली.

बसमध्ये परत येताना माझ्या लक्षात आलं की पहिल्याच पानावर, सगळ्यात मोठ्या अक्षरात, मी "सार्वजनिक वाचनालाय" असं लिहिलंय. ल ला एक काना जास्त. फोन करून सांगितलं की चूक माझी आहे आणि आत्ता एका मिनिटात दुरुस्त करते. कार्यवाह म्हणाले, नाही. मंजूर मजकुरात परस्पर बदल करता येणार नाही.

मी रीतसर अर्ज दिला. पहिल्या सभेला पुरेसे सभासद आले नाहीत. दुसऱ्या सभेलाही नाहीत. तिसऱ्या सभेला आले, पण माजी अध्यक्षांचा फोटो कुठल्या भिंतीला लावायचा यावर सगळा वेळ गेला. मधल्या काळात एका वाचकाने पत्र लिहून विचारलं की जिथं नावच चुकीचं आहे तिथं शब्दकोश आहे का. त्या पत्राला आवक क्रमांक मिळाला. अकरा महिन्यांनी काना काढण्याचा विषय एकदाचा पटलावर येणार असं कळलं, म्हणून मी स्वतः सांगलीला गेले.

दारात नवी कोरी पाटी लागलेली. सोनेरी अक्षरं. सार्वजनिक वाचनालाय. पेंटरला मंजूर प्रत दिली होती, आणि पेंटरही परस्पर बदल करणारा नव्हता.

सभेत कार्यवाहांनी मुद्दा मांडला की आता वेबसाइट बदलली तर ती पाटीशी विसंगत होईल. सहा विरुद्ध एक मतांनी अर्ज फेटाळला. ते एक मत कुणाचं होतं ते मला माहीत आहे. ग्रंथपालबाई होत्या, आणि त्यांना मत नसतं असं नंतर निघालं.

* * *

कोयनानगरच्या माणसाला भूकंपाचं कौतुक नसतं. जमीन हलली की तो हातातला कप बशीत ठेवतो, थांबली की उचलतो. पण हललं की नाही हललं यावरून घराघरात वाद होतात. अजित म्हणायचा ट्रक गेला, त्याची बायको म्हणायची हादरा होता. हा वाद कायमचा मिटवायला अजितने एक पान केलं. त्यावर एकच मोठं गोल बटण, "जाणवलं". हादरा बसला की ज्याने त्याने दाबायचं, कॉलनीच्या नकाशावर त्याच्या घरी लाल ठिपका उमटायचा. एकदम पुष्कळ ठिपके आले तर हादरा खरा, एकदोन आले तर ट्रक. कल्पना इतकी चांगली होती की मला अजितचा थोडा हेवा वाटला. त्याने घरोघरी जाऊन लोकांच्या मोबाइलवर ते पान लावून दिलं.

पहिल्या दिवसापासून ठिपके. एका बिल्डिंगमधून तर रोज, दुपारी चारच्या सुमाराला, न चुकता. अजित बघायला गेला. वरच्या मजल्यावर नवीन वॉशिंग मशीन आलं होतं. ते कपडे पिळायला लागलं की खालच्या मजल्यावरच्या काकू बटण दाबायच्या. दुसरा एक ठिपका दर रविवारी सकाळी यायचा. तिथं नवरा-बायको भांडायचे आणि बायको दार आपटायची. बटण नवरा दाबायचा.

मग एके दिवशी सकाळी खरा हादरा बसला. फळीवरची भांडी वाजली, पंखा डोलला. कॉलनीतले सगळे अंगणात आले. अजित एकटा आत धावला आणि लॅपटॉप उघडून बसला. नकाशा स्वच्छ. एक ठिपका नाही. त्याने पान पुन्हा पुन्हा उघडून बघितलं. शेवटी बाहेर आला. लोक घोळक्याने उभे राहून हादरा किती मोठा होता ते एकमेकांना सांगत होते. अजितने विचारलं की मग कुणी दाबलं का नाही.

वॉशिंग मशीनखालच्या काकूंना त्याची कीव आली. "आरं, खरा झाल्यावर कशाला दाबायचं? समद्यांना कळलंच की. शंका आली तर दाबायचं."

अजित त्यांना मुद्दा समजावून सांगायला लागला. त्याच्या बायकोने मध्येच विचारलं, "तुमी तरी दाबलं का?"

त्याने दाबलं नव्हतं.

* * *

हा किस्सा माझ्यावरचा आहे, म्हणून टाळत होते.

आटपाडी-जतच्या बाजूला मेंढ्यांच्या लसीकरणाचं काम करणारी एक संस्था आहे. त्यांच्याकडे नोंदणीचा इंग्रजी फॉर्म होता आणि शिबिर दोन दिवसांवर आलेलं. मराठी करून द्या म्हणाले. मी आळस केला. सगळे शब्द मशीनला दिले, मशीनने मराठी दिलं, मी वरवर बघून चढवलं. सेव्हच्या बटणावर मशीनने लिहिलं होतं, "वाचवा".

शिबिराला मी हौसेने बघायला गेले. एक म्हातारे मेंढपाळ खांद्यावर घोंगडं आणि हातात स्वतःचा मोबाइल घेऊन उभे होते. सगळी माहिती त्यांनी नीट भरली होती. संस्थेच्या माणसाने सांगितलं की आता खालचं "वाचवा" दाबा. त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि विचारलं, "ह्ये दाबलं की मेंढरं वाचत्यात?"

संस्थेचा माणूस हसायला लागला. म्हातारे हसले नाहीत. "मग सुई कशाला टोचताय? हितंच दाबतो की."

त्यांच्या तीस-पस्तीस मेंढ्या आदल्या पावसाळ्यात दगावल्या होत्या, हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळत होतं की हसण्यासारखं काही नाही आणि चूक माझी आहे. तसं मी त्यांना सांगितलं आणि विचारलं की मग तिथं काय लिहावं. त्यांनी विचार केला. म्हणाले, "ध्यानात ठेव, आसं म्हणा की. ही समदी माहिती ध्यानात ठेव."

मी घरी येऊन "ध्यानात ठेव" लिहिलं. मला ते फार आवडलं होतं. दोन दिवसांनी संस्थेच्या प्रमुखांनी ते काढायला लावून "जतन करा" घालून घेतलं, कारण ते शुद्ध आहे. फॉर्म मेंढपाळांसाठी होता. तो त्यांना कळला पाहिजे अशी अट संस्थेच्या कागदात कुठं नव्हती.

* * *

कराडला आमच्याकडे एक वधू-वर मंडळ आहे. त्याचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर आहेत, त्यांना सगळे आबा म्हणतात. मंडळाची वेबसाइट आमच्या तिघांची. प्रत्येक नोंदीत दोन भाग असतात, स्वतःची माहिती आणि समोरच्याकडून अपेक्षा. माहिती लोक चार ओळींत उरकतात. अपेक्षा लिहायला बसले की जागा पुरत नाही. मुलगी उच्चशिक्षित हवी आणि घरात रमणारी हवी. मुलगा पुण्यात स्वतःच्या फ्लॅटचा हवा, शेती हवी, पण त्याने शेतात जाता कामा नये. हे सगळं भरलं की आपल्या अपेक्षेत बसणारी स्थळं दिसतात. बहुतेकांना एकही दिसायचं नाही, आणि ते मला फोन करून वेबसाइट बंद आहे का विचारायचे.

एका रविवारी मी सहज म्हटलं की हा शोध उलटा करून बघू. आपल्या अपेक्षेत कोण बसतं ते सगळे बघतात, आपण कुणाच्या अपेक्षेत बसतो ते दाखवू. अजितने दोन तासांत लिहून दिलं. ज्याचा आकडा त्यालाच दिसेल अशी सोय केली आणि चालू केलं.

सोमवारपासून फोन. एका वडिलांचं म्हणणं होतं की मशीनला त्यांचं घराणं माहीत नाही. दुसऱ्यांनी विचारलं की आकडा लहान आला तर निदान बाहेरच्यांना मोठा दाखवता येईल का. पण सगळ्यात मोठा आवाज आबांचा.

आबांचा मुलगा पुण्यात इंजिनिअर आहे, चौतिशीचा, सालस. त्याची नोंद आबांनी स्वतः केली होती आणि स्वतःच्याच लॉगिनने ते ती बघायचे. तीन वर्षांत त्यांनी कितीतरी स्थळं नाकारली होती. एक मुलगी मोठ्याने हसते म्हणून, एकीच्या घराचा जिना बाहेरून आहे म्हणून. उलट्या शोधात त्यांच्या मुलासमोर शून्य आलं. आबांनी फोन करून सांगितलं, "मशीन चुकलंय." मी तीनदा तपासलं. बरोबर होतं. तसं सांगितल्यावर त्यांनी मंडळाची सभा घेतली आणि ते पान बहुमताने काढायला लावलं. मी काढलं. म्हणजे लोकांना दिसेनासं केलं, माझ्या लॉगिनमध्ये ते होतं.

पंधरा दिवसांनी आबांच्या पत्नी, मालतीकाकू, लॅबमध्ये शुगर तपासायला आल्या. लॅबमध्ये आम्ही दोघीच होतो. दंडाला पट्टा बांधत होते तेव्हा त्यांनी विचारलं की ते पान खरंच काढलं का. मी म्हटलं, नुसतं झाकलंय. त्यांना बघायचं होतं. रक्त घेऊन झाल्यावर मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

शून्याकडे त्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "शून्य का?"

एवढ्या फोनांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी आतली यादी उघडून दाखवली. शिक्षण जुळत होतं, नोकरी जुळत होती, वयाचंही फारसं अडत नव्हतं. जवळजवळ सगळ्या मुली मुलाच्या नोंदीतल्या एकाच रकान्यावर येऊन थांबत होत्या. लग्नानंतर मुलीने नोकरी करणे: चालणार नाही.

काकूंनी कोपर दुमडून कापूस दाबून धरला होता.

"माझी पण नेमणूक झाली होती," त्या म्हणाल्या. "शाळेत. तीन महिने केली."

त्यांनी तो रकाना कुठं भरलेला असतो ते विचारलं, मी दाखवलं. रिपोर्ट कधी मिळेल ते विचारलं, तेही सांगितलं. पदर सारखा करून त्या गेल्या.

पुढच्या आठवड्यात आबा आले. त्यांची शुगर जेवणानंतर दोन तासांनी तपासायची होती. सुई टोचून होईपर्यंत आणि नंतरही बराच वेळ ते मला सांगत बसले की हल्लीच्या मुलांना मशीन चालवता येतं पण माणसं ओळखता येत नाहीत. मी हो हो म्हणत नळीवर चिठ्ठी चिकटवली.

महिनाभराने त्यांचा फोन आला. आवाज एकदम मोकळा. मुलाला अकरा ठिकाणांहून विचारणा झाली होती, आणि दोन घरं तर चांगली माहितीतली निघाली. मशीनला काय केलंत म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही केलं नाही.

"केलंच असणार," आबा म्हणाले. "मी म्हणत होतो ना, मशीन चुकलंय."

फोन ठेवून मी मुलाची नोंद उघडली. आमच्या वेबसाइटवर कुणी काय बदललं ते सगळं मागे नोंदलेलं राहतं. एकच रकाना बदलला होता. "चालणार नाही" च्या जागी "तिची इच्छा" आलं होतं. लॉगिन आबांचं. महिन्यापूर्वीचा मंगळवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

मी लॅबचं रजिस्टर काढून बघितलं. त्या मंगळवारी तीन वाजून दहा मिनिटांनी आबा माझ्यासमोर बाही वर करून बसले होते.